पटावर सतरा, वर्गात सव्वीस

चौथीच्या वर्गात पटावर सतरा मुलं होती आणि बसलेली सव्वीस होती.

पाहणीला आलेल्या मारियान मॅडमनी दोनदा मोजली. एकदा पुढून, एकदा मागून. मग हजेरीचं रजिस्टर माझ्यासमोर धरून त्यांनी इंग्रजीत शांतपणे विचारलं, की ही नऊ मुलं जास्तीची कशी. मुख्याध्यापक तायडे सर खिडकीबाहेर बघायला लागले. आमचा सुपरवायझर गजानन दारात उभा होता, तो दारातून हळूच बाजूला झाला. जास्तीच्या नऊ जणांतल्या दोघी इतक्या लहान होत्या की बाकावर बसल्यावर त्यांचे पाय हवेत लोंबत होते. त्यातली एक झोपली होती.

उत्तर द्यायचं काम माझं होतं. प्रश्न मला समजला होता. उत्तर मलाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर होतो. ऑफिस नवीन जालन्यात, बी साफ करायचा प्लांट एमआयडीसीत, आणि बी तयार व्हायचं ते शेतकऱ्यांच्या शेतात. हायब्रीड काकडीचं बी मशीन बनवत नाही. शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, एका जातीचे वेल नर म्हणून आणि दुसऱ्या जातीचे मादी म्हणून लावतात. सकाळी नराचं फूल तोडायचं, मादीच्या फुलावर हाताने टेकवायचं आणि त्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या काकडीचं बी तेवढं आमचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हे काम बायका करतात. पुरुष फुलासोबत वेलही तोडतात, असं रुख्मणबाईंचं मत होतं. रुख्मणबाई म्हणजे क्रॉसिंग करणाऱ्या बायकांच्या टोळीच्या मुकादम. त्यांच्या मताविरुद्ध मी कधी गेलो नाही.

आमचं बी युरोपातली एक कंपनी घ्यायची. त्यांची एक अट फार कडक होती. शाळेच्या दिवशी शाळेच्या वयाचं मूल प्लॉटवर दिसता कामा नये. काम करताना तर नाहीच, नुसतं बसलेलंही नाही. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर आलेलं मूल नेटच्या बाहेर सावलीत बसलं तर चालेल. अट योग्य होती. या धंद्यात पूर्वी लहान बोटांकडून फार कामं करून घेतली गेली आहेत, हे मी नाकारणार नाही. एक मूल सापडलं तर एक शेत बाद होत नसे, अख्खं गाव यादीतून जाई. या गावात तीसेक नेट होती.

आता शाळेचा दिवस कोणता, हे परदेशात बसलेल्या माणसाला कसं कळणार? त्यासाठी हंगामाआधी ‘स्कूल कॅलेंडर’ नावाचा फॉर्म भरून पाठवायचा. प्रत्येक गावापुढे शाळा कधी सुरू होते, सुट्ट्या कधी, हे लिहायचं. मी जालना जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी समोर ठेवली, पहिल्या गावापुढे ती नीट उतरवली आणि खालच्या बावीस गावांपुढे ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं. जिल्हा एक, उन्हाळा एक. मला स्वतःच्या अक्षराचं समाधानही वाटलं होतं.

पाहणीला येणारे लोक आधी सांगत नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मारियान मॅडम सकाळी नऊला ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या, उंच, नेदरलँड्सच्या. त्यांनी गावांच्या यादीवर बोट ठेवलं ते जाफराबाद तालुक्यातल्या या गावावर. आमचे साहेब भालेराव यांनी मला बाजूला घेतलं.

“देशपांडे, गाव सांभाळा.”

त्यांच्या समाधानासाठी मी गजाननला फोन केला. पाहुण्या निघाल्यात, सगळं नियमात ठेव, एवढंच बोललो. गजानन राजूरचा, तिशीतला, कामाला वाघ. त्याला सांगितलेलं काम व्हायचंच, आणि सांगितल्यापेक्षा थोडं जास्त व्हायचं. ही जास्तीची सवय मी लक्षात घ्यायला हवी होती.

आम्ही पोचलो तेव्हा नेटमध्ये सगळं इतकं व्यवस्थित होतं की मलाच शंका आली. बायका डोक्याला टॉवेल बांधून ओळीत काम करत होत्या. कोणी वर बघत नव्हतं. मारियान मॅडमनी दोरे बघितले, पाण्याची सोय बघितली, औषधांच्या पेटीतल्या गोळ्यांच्या तारखा बघितल्या. सगळं बरोबर. मग त्या बाहेर आल्या आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली थांबल्या. तिथे एक पोतं अंथरलेलं होतं, त्यावर अर्धी कैरी होती, आणि शेजारी छोट्या चपलांचे नऊ जोड.

“ही मुलं कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

गजाननचं उत्तर तयार होतं. “शाळंत गेली न्हाई का, मॅडम. आज शाळा हाये.”

मी भाषांतर केलं. मॅडमनी चपलांकडे बघितलं आणि विचारलं, अनवाणी?

“शाळंत चपला भायेरच काढाव्या लागतात,” गजानन म्हणाला.

म्हणून त्यांनी त्या दीड किलोमीटर आधीच काढल्या, असं त्याचं म्हणणं पडलं. मी याचंही भाषांतर केलं. मॅडमनी मान हलवली आणि शाळा बघायची आहे असं सांगितलं.

शाळेत काय दिसलं ते सुरुवातीला सांगितलंच. तायडे सर भला माणूस. गजानन सकाळी टेम्पोत मुलं घालून आला आणि तासाभरापुरती बसवून घ्या म्हणाला, तर त्यांनी बसवून घेतली. चौथीच्या खोलीत जागा होती म्हणून चौथीत. शिकायला आलेल्या मुलाला दारातून परत पाठवायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. ती शिकायला आली नव्हती, हा भाग त्यांनी विचारात घेतला नव्हता.

मारियान मॅडमनी मला मुलांशी बोलायला सांगितलं. मी त्यातल्या त्यात मोठी दिसणारी एक मुलगी निवडली. वैष्णवी तिचं नाव, दहा वर्षांची.

“कितवीत आहेस?”

“पाचवीत गेले.”

“मग चौथीच्या वर्गात कशी?”

“गजूमामानं बसवलं. टेम्पोत आणलं.”

“तुझी शाळा कोणती?”

“वढ्यापल्याडची.”

“आज गेली नाहीस?”

“कशी जाऊ? बंद हाये. आमची सुट्टी सरली न्हाई अजून.” मग ती म्हणाली, “मामा म्हणे गप बसा, खाऊ देतो. दिला न्हाई अजून.”

दाराबाहेरून गजाननचा हळू आवाज आला, “साहेब, पाहुण्यांची पोरं हायेत म्हणून सांगा ना.”

मी सगळं भाषांतर केलं. टेम्पो, बंद शाळा, न मिळालेला खाऊ, सगळं. यात धैर्य वगैरे नव्हतं. मॅडमचा फोन टेबलावर होता आणि त्यात रेकॉर्डिंग चालू होतं.

मग त्यांनी वैष्णवीची बोटं बघितली. क्रॉसिंग करणाऱ्याच्या नखांत फुलांची पिवळी भुकटी बसते, हे त्यांना माहीत होतं. वैष्णवीची नखं पिवळी होती. मॅडम बोटांकडे बघत राहिल्या. वैष्णवीला ते अपमानाचं वाटलं असावं. तिने हात सरळ त्यांच्या नाकासमोर धरला.

“आंबा खाल्ला सकाळी. वास घ्या.”

मॅडमनी वास घेतला. नंतर उरलेल्या आठ जणांच्या हातांचाही घेतला. झोपलेलीचा घेताना जरा वाकावं लागलं. आंबाच होता.

पण मुख्य प्रश्न तसाच होता. त्यांच्या फाईलमध्ये माझ्या सहीचं कॅलेंडर होतं. त्यानुसार शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. तरीही शाळेच्या वयाची नऊ मुलं प्लॉटवर होती, आणि पाहणी होणार म्हटल्यावर त्यांना हलवण्यात आलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला याचा अर्थ एकच लागतो. मलाही तोच लागला असता. मी पाच मिनिटं मागितली आणि व्हरांड्यात येऊन बायकोला फोन लावला.

वसुधा जालन्यात शिक्षिका होती. ती जाऊन आता दीड वर्ष होतंय. हा प्रसंग लिहायला घेतला तो खरं तर या फोनसाठीच, पण तो दीड मिनिटाचाच आहे.

“वर्गावर आहे, पटकन बोला.”

मी विचारलं, ओढ्याच्या पलीकडची शाळा आज बंद कशी असेल?

“पलीकडे म्हणजे बुलढाणा जिल्हा ना? तो विदर्भ. तिकडे ऊन जास्त म्हणून शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. आपल्याकडे मध्यावर. दर वर्षीचंच आहे.”

“मला माहीत नव्हतं.”

“माझं माहेर सिंदखेडराजा. माझे भाचे दर वर्षी जून संपेपर्यंत आपल्याकडे असतात. ते काय शाळा बुडवून राहतात असं वाटत होतं तुम्हांला?”

बावीस वर्षं मला तसंच वाटत होतं. एकदा तर मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्या म्हणून मी मेहुण्यांना चार शब्द ऐकवले होते. त्यांनी ते निमूट ऐकून घेतले होते.

“आणि तुम्ही फॉर्ममध्ये ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं असणार,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आत येऊन मी खडू घेतला. फळ्यावर महाराष्ट्र काढला. तो वांग्यासारखा झाला. त्यात एक रेघ मारली आणि सांगायला लागलो. या बाजूला मराठवाडा, त्या बाजूला विदर्भ. मध्ये हा ओढा, सध्या कोरडा. प्लॉट या बाजूला, बायका त्या बाजूच्या वस्तीवरून येतात. या काठावर शाळा सुरू, त्या काठावर उन्हाळी सुट्टी. ऊन मात्र दोन्ही काठांवर सारखंच. सांगतानाच मला ते खोटं वाटायला लागलं. एकच राज्य, एकच सरकार, मध्ये वीस पावलांचा ओढा, आणि सुट्टी वेगळी. मी परीक्षक असतो तर मला शून्य मार्क दिले असते.

मारियान मॅडम उठल्या. माझ्या हातातून खडू घेतला. वांग्याशेजारी त्यांनी एक छोटासा आकार काढला आणि त्याचे दोन आडव्या रेघांनी तीन तुकडे केले.

“हा माझा देश,” त्या म्हणाल्या. “उत्तर, मध्य, दक्षिण. उन्हाळ्याची सुट्टी तिन्हीकडे वेगवेगळ्या आठवड्यात सुरू होते.”

मी तायडे सरांना सांगितलं. सरांचा विश्वास बसेना. देश केवढा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आपल्या मराठवाड्याहून लहान.

“आणि त्याचे तीन भाग? तिकडं ऊन जास्त पडतं का?”

ऊन नव्हे, गर्दी, असं मॅडम म्हणाल्या. सगळा देश एकाच दिवशी गाड्या घेऊन फिरायला निघाला तर रस्ते तुंबतात. म्हणून पाळीपाळीने. कोणाचा नंबर आधी हेही दर वर्षी बदलतं. त्यांची बहीण दक्षिण भागात राहते आणि त्या स्वतः उत्तर भागात. मुलं लहान होती तेव्हा मावसभावंडांना एकत्र मिळणारे आठवडे त्या दोघी कॅलेंडरवर मोजत बसत. म्हणजे मी ज्याला शून्य मार्क देणार होतो ते उत्तर त्यांच्या घरातलंच होतं.

यानंतर पाहणी जरा बाजूला राहिली. तायडे सरांनी विचारलं, सुट्टी असते कधी? जुलै-ऑगस्ट, सहा आठवडे, हे ऐकून ते हादरले. भर पावसाळ्यात सुट्टी, मग पोरं करतात काय? मॅडमनी सांगितलं की तेव्हाच तर त्यांच्याकडे ऊन पडतं, आणि ते बघायलाच सुट्टी देतात. शेजारच्या जर्मनीत प्रत्येक राज्याची तारीख निराळी. ऑस्ट्रेलियात मोठी सुट्टी नाताळच्या सुमारास, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा. फ्रान्समध्ये थोडे आठवडे शाळा झाली की लगेच दोन आठवडे सुट्टी, मग पुन्हा तेच. हे शेवटचं मी मुलांना सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरून एक उसासा आला.

पटावरचा एक मुलगा उभा राहिला. “त्याह्यला पोळ्याची सुट्टी किती दिवसाची?”

पोळा म्हणजे काय हे मी मॅडमना समजावलं. वर्षातून एक दिवस बैलांना अंघोळ घालतात, सजवतात, त्या दिवशी कामाला जुंपत नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, सुट्टी बैलांना की मुलांना?

“दोघांला बी,” तो म्हणाला. मॅडमनी तेही लिहिलं.

मी सुटलो असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात रुख्मणबाई आल्या. मागे चार बायका. गोऱ्या मॅडम पोरांची झडती घेऊन राह्यल्या, अशी बातमी नेटमध्ये पोचली होती. वैष्णवी त्यांची नात. त्यांनी आधी नातीला बघितलं, मग व्हरांड्यात गजाननला गाठलं.

“काय रे गज्या, पोरं कोणाला इचारून उचलली?”

“अहो मावशी, तुमच्यासाठीच. गाव बाद झालं असतं.”

“लिंबाखाली बसल्यानं बाद होतं व्हय? आन सुट्टीत शाळंत कोंबल्यानं पास? अक्कल घरी ठुवून आल्ता का?”

“मी काय वाईट करून राह्यलो का? शाळंतच घातली ना, दारूच्या दुकानात घातली का?”

“आधी पोरांचा खाऊ दे.”

गजानन खाऊ आणायला गेला. त्याला तिथून निघायला निमित्तच हवं होतं. मारियान मॅडमनी मला विचारलं की या बाई काय म्हणताहेत. मी सांगितलं. त्यांनी रुख्मणबाईंना बसायला खुर्ची दिली आणि मुलांना प्लॉटवर का आणता, असा सरळ प्रश्न विचारला. रुख्मणबाई बसल्या नाहीत.

“घरी ठुली तर हिरीवर पोहाया जातात. मागल्या साली एक पोरगं गेलं वस्तीतलं. संगं आणली तर तुमचा कागद नडतो. गाव बाद केलं तर आमचं काम बी जाईल आन पोरं हिरीवर ते हिरीवरच. मंग सुट्टीत पोरं ठुवायची कुठं, एवढं मॅडमला इचारून सांगा.”

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. मॅडम म्हणाल्या की त्यांच्या आईची नोकरी होती, आणि सहा आठवडे मुलं ठेवायची कुठे हा प्रश्न तिलाही दर जुलैत पडायचा. उत्तर तिलाही सापडलं नव्हतं. ती त्यांना आजीकडे पाठवायची. हे मी रुख्मणबाईंना सांगितलं.

“आजी कामाला येते इथं,” त्या म्हणाल्या. “तिची आजी मीच.”

मॅडमनी फोनमधलं रेकॉर्डिंग बंद केलं. त्या ओढ्यापलीकडे गेल्या, बंद शाळेच्या कुलपाचा आणि दारावरच्या सूचनेचा फोटो काढला, वस्तीवरची विहीर बघितली. गावातून निघताना त्यांनी मला काहीच सांगितलं नाही.

रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला. गाव राहिलं. सुट्टीतल्या मुलांसाठी नेटपासून लांब एक शेड आणि सांभाळायला पगारी बाई, हा खर्च खरेदीदार कंपनीने निम्मा उचलला. रुख्मणबाईंनी त्या कामावर स्वतःच्या जावेला लावलं, मला न विचारता. तिने मुलांना विहिरीकडे फिरकू दिलं नाही.

पण रिपोर्टमध्ये दोन शेरे होते. पहिला माझ्या कॅलेंडरबद्दल. तो मी अपेक्षिलाच होता. दुसरा असा, की सुट्टीच्या काळात नऊ मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध शाळेत बसवण्यात आलं. असं पुन्हा होऊ नये.

भालेराव साहेबांनी तो तीनदा वाचला.

“देशपांडे, पोरं शाळेत पाठवत नाही म्हणून ताकीद मिळालेल्या कंपन्या मी पाहिल्यात. पाठवली म्हणून मिळालेली आपली पहिलीच.”

“हो सर.”

“हेड ऑफिसला काय कळवू?”

“सुधारणा करू म्हणून कळवा, सर.”

गजाननला हा निकाल कधीच पटला नाही. शाळेत घातलं तरी गुन्हा असेल तर माणसाने करावं काय, असं तो पुढे वर्षभर कोणालाही विचारायचा.

सुधारणा म्हणून फॉर्म बदलला. आता मजूर ज्या ज्या वस्तीवरून येतात, त्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असलेली सुट्ट्यांची यादी जोडायची. मुदत जूनचा पहिला आठवडा. पुढच्या वर्षी मी वेळेत निघालो. ओढा ओलांडला. शाळेला कुलूप. मुख्याध्यापक सुट्टीवर. शोध घेतला तर ते चिखलीला एका लग्नात होते. वसुधा माझ्याबरोबर आली होती, तिच्या ओळखीने मांडवात शिरता आलं, आणि त्यांनी जेवणाच्या पंक्तीतून उठून गाडीच्या बॉनेटवर सही केली. शिक्का शाळेच्या कपाटात. कपाटाची किल्ली शाळेतल्या बाईंकडे. बाई नाशिकला, सुट्टीवर.

शिक्का मिळाला तो शाळा उघडल्यावर, जूनच्या अखेरीला. तोवर मुदत टळून गेली होती. नव्या फॉर्ममध्ये ‘उशिराचे कारण’ असा एक रकाना आहे. त्यात मी ‘सुट्टी’ असं लिहिलं. मारियान मॅडमच्या ऑफिसातून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या स्वतः सुट्टीवर होत्या.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी आलेल्या बाईंना धंद्यातलं फार काही शिकवता आलं नाही, त्या माझ्यापेक्षा हुशार आहेत. एवढंच सांगून आलो, की सुट्ट्यांच्या यादीवर सही आणि शिक्का एप्रिलमध्ये घ्या.